एक पेला पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)





चिटणीसबाईंनी मला "चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. आमच्या खेड्यात त्यापुढची शाळा नव्हती आणि मुलीला एकटीला दुसऱ्या गावी पाठवायची वडिलांची तयारी नव्हती. भाकरी थापणे, धान्य निवडणे, फाटले ते शिवणे हे माझे काम. भाषण करणे हे माझे काम नव्हे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "भाषण नकोच. तुम्ही ख्रिस्ती माणसे रविवारी देवळात जे ऐकता, ते सोमवारी स्वयंपाकघरात कसे आचरता, तेवढेच सांगा."

विषय ऐकायला सोपा वाटला. घरी गेल्यावर मात्र मी विचारात पडले. कारण खरे उत्तर द्यायचे तर माझी एक चूक तुमच्यापुढे सांगावी लागणार होती. दोन रात्री विचार केला आणि ती सांगायचे ठरवले. आपल्या मंडळात आपण एकमेकींना लोणच्याचे प्रमाण सांगतो, मग चुकीचे का सांगू नये? एकीचे लोणचे बिघडले तर दुसरीने मीठ जपून घालावे, एवढाच त्यातला हेतू.

आम्ही ज्याला प्रभु म्हणतो तो येशू सुताराच्या घरी वाढला. त्याने सांगितलेल्या गोष्टी वाचताना मला नेहमी वाटते, की याने आपल्या आईचे कामातले हात नीट पाहिले असले पाहिजेत. पिठात खमीर कालवणारी बाई त्याच्या गोष्टीत आहे. हरवलेल्या एका नाण्यासाठी दिवा लावून सगळे घर झाडून काढणारी बाई आहे. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हे त्याला ठाऊक आहे. कारण कोरे कापड आटते आणि जुने आणखी फाटते. एका बारा वर्षांच्या मुलीला त्याने मरणातून उठवले, असे शुभवर्तमानात आहे. उठवल्याबरोबर त्याने काय सांगितले? हिला काही खायला द्या! जमलेली माणसे थक्क होऊन उभी होती. पोरीला भूक लागली असेल, हे त्याच्या ध्यानात आले. आणि पुनरुत्थानानंतर, रात्रभर जाळी टाकून दमलेले शिष्य पहाटे काठाला लागले, तेव्हा निखाऱ्यांवर मासळी ठेवून त्याने त्यांची न्याहरी तयार केली होती. मरणावर जय मिळवलेल्या प्रभूने विस्तव पेटवून रांधले! मग चुलीपुढचे काम हलके, असे कोण म्हणेल?

आपल्या महाराष्ट्रात मोठी कामे करणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया होऊन गेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीत सापडलेल्या मुली आणि विधवा त्यांनी आणल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला, शिकवले, हाताला काम दिले. त्यांचे नाव घेतले की ऊर भरून येतो. पण मोठ्या माणसांची नावे घेण्यात एक धोका असतो. आपण हात जोडतो आणि मोकळ्या होतो. मनात म्हणतो, त्या कुठे, आपण कुठे! म्हणून मी आज एक लहान गोष्ट घेतली आहे. इतकी लहान, की ती आपल्या आवाक्यातली नाही असे म्हणायला कुणालाही सबब राहू नये. ती गोष्ट म्हणजे पेलाभर पाणी.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने असे सांगितले आहे, की या लहानांतल्या एकाला जो कोणी एक पेला गार पाणी देईल, त्याचे फळ वाया जाणार नाही. हे वचन मी लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केले होते. त्याचा अर्थ कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

त्यासाठी आधी माझ्या आजीविषयी सांगते. आजी, म्हणजे वडिलांची आई, राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यात नांदली. आमचे घराणे गावकुसाबाहेरचे. आजीच्या सासऱ्यांच्या आधीच्या पिढीत ते ख्रिस्ती झाले. घरात प्रार्थना आली, अक्षरओळख आली. पण गावची विहीर होती तेथेच राहिली आणि तिचा नियमही तोच राहिला. आजीला विहिरीला हात लावता येत नसे. घागर घेऊन ती लांब उभी राही. वरच्या आळीतल्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून पाणी ओती. नाही तर उन्हात तास तास उभे राहावे लागे. तहान लागली तर ओंजळ पुढे करायची. भांडे मिळत नसे. आजी म्हणायची, "बाई पाणी घालायची चांगली. पण तिची नजर माझ्या ओंजळीवर नसायची, तिच्या स्वतःच्या लुगड्यावर असायची. शिंतोडा उडेल म्हणून."

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. आजीला कलमे ठाऊक नव्हती. पण पुढे मोलमजुरीच्या पैशांतून तिने स्वतःसाठी पहिली वस्तू घेतली, ती एक पितळी पेला. बाजारात बसणाऱ्या माणसाकडून त्यावर आपले नाव कोरून घेतले. "हा माझा पेला. याला माझे तोंड लागते," असे ती सांगायची. माझ्या लग्नात आजीने तो मला दिला. आजही तो माझ्या मांडणीवर आहे.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते.

आमच्या गल्लीत झाडलोट करायला आणि गटारे काढायला एक बाई येतात. मुले त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणते. वयाने त्या माझ्याहून मोठ्या. उन्हाळ्यात अकराच्या सुमारास त्या आमच्या दाराशी टेकत आणि पाणी मागत. मी रोज देत असे, कधी नाही म्हटले नाही. नाताळात करंज्या-चकल्यांची पुडी त्यांच्यासाठी आधी बांधून ठेवत असे. मला वाटे, पेलाभर पाण्याचे ते वचन मी तंतोतंत पाळते आहे.

पण ते पाणी मी देत होते ते दांडी तुटलेल्या एका कपातून. तो कप मोरीजवळच्या कोनाड्यात निराळा पालथा घातलेला असे. घरातले कोणी त्याला हात लावत नसे. सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत, असे म्हणून मी ते त्यांच्यावर ढकलू शकेन. पण ते खरे होणार नाही. घराची सूत्रे माझ्या हाती येऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. कप मीच ठेवत होते. कोणी विचारले असते तर मी म्हटले असते, "त्यांचा हात गटारात असतो, स्वच्छता पाहायला नको का?" पण स्वच्छतेसाठी साबण असतो. आमचे यजमान कारखान्यातून हात तेलाने माखून येतात. त्यांचा पेला काही मी कोनाड्यात ठेवला नाही.

चार वर्षांपूर्वीचा एप्रिल महिना. मी आत पोळ्या लाटत होते. दारातून मावशींनी पाणी मागितले. माझी धाकटी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने मांडणीवरचा हाताशी आला तो पेला घेतला, माठातले पाणी भरले आणि नेऊन दिला. तो आजीच्या नावाचा पेला होता. मी दारात आले, पाहिले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, तो नाही! कोनाड्यातला दे."

मी हळूच बोलले होते. पण अशी बोलणी ज्याची त्याला ऐकू जातातच. मावशींचा हात तोंडापाशी थांबला. मग त्यांनी मान मागे टाकली, पेला उंच धरला आणि ओठ न लावता पाणी वरून घशात ओतले. थोडे हनुवटीवरून पातळावर सांडले. त्यांनी पेला बाहेरच्या नळावर विसळला, उंबऱ्याशी पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, तोंड लावले नाही हं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

त्या गेल्यावर मी पेला उचलला. अंगठ्याखाली आजीचे नाव लागले. भगिनींनो, त्या वेळी मला काय वाटले ते नीट सांगता येत नाही. माझ्या आजीला जिने ओंजळीत पाणी घातले, ती बाई कशी असेल याचा मी लहानपणापासून विचार करत आले होते. ती बाई त्या दिवशी मला माझ्याच घरात भेटली. तीही रोज पाणी देत होती. तीही नाही म्हणत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तो कप फोडून टाकला आणि मनाला म्हटले, झाले. पण झाले नव्हते. मावशी येत, झाडून जात, पाणी मात्र मागत नसत. मी हाक मारली तर म्हणत, "नको ताई, आत्ताच प्याले." यजमान म्हणाले, "तू सरळ माफी माग." मी मागितली. मावशी म्हणाल्या, "त्यात काय झाले ताई? आम्हांला सवय आहे." शब्द माफीचेच होते, पण दार लावून घेतल्यासारखे वाटले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नाताळ जवळ आला. मी करंज्यांची पुडी दिली. त्यांनी घेतली आणि न उघडता पिशवीत टाकली.

त्याच महिन्यात आमच्या बायकांच्या प्रार्थनासभेत योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला गेला. लहानपणापासून ऐकलेला अध्याय. भर दुपार आहे. वाटचालीने थकलेला येशू विहिरीपाशी बसला आहे. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तिच्याजवळ घागर आहे, याच्याजवळ पोहराही नाही. आजवर मी या अध्यायावर जिवंत पाण्याविषयीची प्रवचनेच ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच ध्यानात आले, की प्रभूने तिला आधी पाणी दिले नाही, आधी मागितले! ती बाईसुद्धा चकित झाली, की तुम्ही यहूदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागता? तो देणारा होऊन उभा राहिला असता तर ती नेहमीसारखी घेणारीच राहिली असती. तो तहानलेला होऊन बसला, आणि ती देणारी झाली. याच्याजवळ भांडे नव्हते, म्हणजे प्यायचे ते तिच्याच भांड्यातून.

मी पाणी देत होते, फराळ देत होते, जुनी पातळे देत होते. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. मावशींच्या हातचे मी आजवर काय घेतले होते? काही नाही. मागायचे कधी मनातही आले नव्हते.

जानेवारीत एके दिवशी मी बाजारातून येत होते. मावशी लिंबाच्या पारावर डबा सोडून बसल्या होत्या. पाय पुढे जात नव्हते, हे खरे सांगते. रस्त्यावर ओळखीची माणसे होती. तरी मी पिशव्या खाली ठेवल्या, शेजारी बसले आणि म्हटले, "मावशी, तहान लागली आहे. तुमच्या बाटलीतले पाणी देता का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग बाटलीचे तोंड पदराने पुसले आणि ती माझ्या हाती दिली. बाटलीने आपण बहुधा वरूनच पितो. त्या दिवशी मी तोंड लावून प्याले. पाणी कोमट होते. मी बाटली परत दिली, तेव्हा त्यांनी ती पुसली नाही. उरलेले दोन घोट स्वतः घेतले, आणि डबा माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "ठेचा तिखट आहे, चालेल का?"

यानंतर सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. त्या लगेच आमच्याकडे पाणी मागायला आल्या नाहीत. होळीनंतर ऊन तापले, तेव्हा एक दिवस दाराशी टेकल्या आणि "ताई, पाणी" म्हणाल्या. धाकटीने मला न विचारता आजीचा पेला नेला. मी पोळपाटावरून मान वर केली नाही, मुद्दामच केली नाही. आमच्या सासूबाई अजून तो पेला दोनदा घासतात. त्यांचे वय झाले आहे, मी त्यांच्याशी भांडत नाही. त्यांनी घासून ठेवला की मी त्यातूनच पाणी पिते, आणि त्यांच्या देखत पिते.

मला थोडा धीर वाटतो तो याचा, की माझ्याहून फार मोठ्या बाईलाही हे एका दिवसात जमले नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असतील. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई आपल्या नगरला त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी स्वतःचे पाणी आणि स्वयंपाक निराळा ठेवत. ती शिवाशिव कोणाच्या उपदेशाने सुटली नाही. स्वतःशी विचार करून, एकेक पायरी उतरत त्यांनी ती सोडली. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. म्हणजे त्यांचा पाण्याचा विटाळ आधी गेला आणि बाप्तिस्म्याचे पाणी मागून आले. माझे नेमके उलटे झाले. मला बाप्तिस्मा तान्हेपणीच मिळाला, आणि विटाळ मात्र चाळिशीपर्यंत मोरीजवळच्या कोनाड्यात राहिला.

भगिनींनो, आमचा धर्म घ्या असे सांगायला मी येथे उभी नाही. ज्या शिकवणीविषयी मी बोलते आहे ती ओळखायला तुम्हांला दूर जावे लागणार नाही. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायच्या कावडीतले गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. रमजानमध्ये आमच्या शेजारच्या भाभी रोजा सोडताना पहिला खजूर माझ्या मुलांच्या हातावर ठेवतात. शिकवण प्रत्येक घरात आहे. अडते ते कोनाड्यापाशी.

म्हणून आपापल्या घरातला कोनाडा प्रत्येकीने एकदा पाहावा. सगळ्यांच्याच कोनाड्यात कप नसेल. एखादीच्या घरी कामवालीचा पगार सात तारखेवर जात असेल. तो एक तारखेला हातात ठेवावा. एखादी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करते आणि मोठ्या दुकानात मुकाट्याने मोजते. तिने दोन रुपये सोडावेत. फुटलेली काच, दाढीचे पाते, आपल्या पाळीच्या दिवसांतल्या वस्तू आपण तशाच कचऱ्यात टाकतो. त्या जाड कागदात गुंडाळून वर लाल खूण केली तर दुसऱ्याच्या हाताला इजा होत नाही, त्याला लाजही वाटत नाही. मावशींच्या तळहातावर काचेचा लांब व्रण आहे. तो कोणाच्या घरच्या काचेचा, हे कधीच कळणार नाही. माझ्याही घरची असेल.

आणि एखादीच्या कोनाड्यात अबोला असेल. प्रभूने सांगितले आहे, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तेथे तुला आठवले, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. माझ्या अनुभवाने मी त्यात एवढीच भर घालते, की समेटाला जाताना नुसते काही घेऊन जाऊ नये; काही मागायलाही जावे. विरजण मागावे, सुई-दोरा मागावा, पाणी मागावे. देणारीपुढे माणूस अवघडतो. मागणारीला दार उघडणे सोपे जाते.

आता शेवटचे, आणि मग बसते. हे बोलणे माझ्या जिवावर आले आहे, पण ते गिळून घरी गेले तर इतका वेळ बोलले ते सगळे वाया जाईल. थोड्या वेळाने आपला चहा-फराळ आहे. आज सकाळी ज्या दोघींनी हा हॉल झाडला, सतरंज्या अंथरल्या, त्या बाहेर ओट्यावर बसल्या आहेत. दरवर्षी आपण त्यांना कागदात पुडी बांधून देतो आणि त्या ती घरी नेतात. आजवर त्या पुड्या मीच बांधत आले, म्हणून हे कोणावर टीका म्हणून बोलत नाही. यंदा पुडी बांधू नये, अशी माझी विनंती आहे. अध्यक्षबाईंची परवानगी असेल तर मी बाहेर जाऊन त्यांना आत बोलावते. त्यांनी आपल्या रांगेत बसावे, आपल्याच कपातून चहा घ्यावा, आणि जमल्यास आपल्यातल्या दोघीतिघींनी आपला कप त्यांच्या हातून भरून घ्यावा.

मंडळाची अशीच भरभराट होवो, आणि आपल्या घरांतले कोनाडे एकेक करून रिकामे होवोत, अशी देवाजवळ प्रार्थना करते आणि माझे चार शब्द संपवते. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर आपलीच समजून क्षमा करावी.